पटवारी कोन्या देशाचा?

सरकारी हिशोबात अतिवृष्टी म्हणजे चोवीस तासात ६५ मिलिमीटर. तेवढा पडला की मंडळ, म्हणजे महसूल खात्याने बांधलेला गावांचा गट, यादीत येते, मग पंचनामे, पेपरात बातमी, पुढाऱ्यांचे धुऱ्यावरचे फोटो, सगळं सुरू होते. ६२ पडला तर तो नुसता पाऊस. आणि हे मोजतात कुठं, तर मंडळाच्या गावी बसवलेल्या एका यंत्रात. त्या एका मंडळात गावं कितीतरी, त्यातलं एखादं दहा-बारा किलोमीटर लांब, मधात टेकडी, नाला, जंगलाचा पट्टा. आमच्या नाल्यावर धो धो पडून वावर खरडून जाते आणि मंडळाच्या गावात टपरीवर बसलेला माणूस बाकडं पण आत घेत नाही, असं होते, आणि एकदाच होते असं पण नाही. मग आपण पटवाऱ्याला, म्हणजे तलाठ्याला, म्हणायचं साहेब या, पाहा तर खरं, आणि तो बिचारा म्हणतो मी पाहून काय करू, आकडा वरून येते.

एका संध्याकाळी मी मोठ्या बाबांना मोबाईलवरून बातमी वाचून दाखवत होतो, की हवामान बदलाने ज्या गरीब देशांचं नुकसान होऊन राहिलं त्यांना द्यायला जगाने मिळून एक फंड काढला आहे. मोठे बाबा सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पंचनामा कोन करते त्याचा?"

"कायचा पंचनामा?"

"नुकसानीचा ना बे. पटवारी कोन्या देशाचा हाये?"

मला हसू आलं, पण उत्तर काही माझ्याजवळ नव्हतं. नंतर जेवढं वाचलं, शोधलं, त्याच्यात हाच प्रश्न फिरून फिरून समोर आला. मोठे बाबा सातवीपर्यंत शिकलेले, जागतिक परिषदांवर लिहिणारे मोठमोठे लोक ज्या गोष्टीपाशी चार पानांनंतर पोचतात तिथं हे सुपारी कातरत डायरेक्ट पोचले.

आधी नुकसान कायचं झालं ते सांगतो, कारण शहरातल्या लोकांना वाटते हवामान बदल म्हणजे ऊन वाढलं. ऊन तर आमच्याकडे होतंच. नवतपा काय आजचा आहे का. चंद्रपूर-नागपूरचा पारा ४५-४६ ला जातो याची आम्हाला नवलाई नाही, उलट थोडी मिजासच आहे. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका केंद्रावर ५६ डिग्री दाखवलं तेव्हा व्हॉट्सअपवर लोकांनी असं फिरवलं जसं काही कप जिंकला. मग हवामान खात्याने सांगितलं की बाप्पा, सेन्सर बिघडला होता. तो खुलासा मात्र कोणी फिरवला नाही.

खरं नुकसान पावसाच्या तऱ्हेत आहे. वर्षाचा एकूण आकडा पाहिला तर कधीकधी सरासरीच्या आसपासच असते, आणि तिथंच फसगत होते, कारण तो पडला कसा ते त्या आकड्यात दिसत नाही. २०२३ चं साल घ्या. पेरण्या झाल्या, जुलैमध्ये चांगला झाला, आणि ऑगस्ट आला तो कोरडाच. १९०१ पासून देशात नोंदी आहेत, त्यातला हा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. सोयाबीन फुलावर-शेंगेवर असताना ओढ बसली, काळ्या मातीला भेगा पडल्या, त्यात येलो मोझॅक रोग आला आणि हिरवंगार वावर आठ दिवसात हळदीसारखं पिवळं पडलं. आणि त्याच हंगामात, त्याच सप्टेंबरच्या २३ तारखेला पहाटे नागपुरात तीन-चार तासात शंभर मिलिमीटरच्या वर कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या बेडरूममध्ये शिरली, नावा फिरवाव्या लागल्या. आता यात प्रामाणिकपणे हेही सांगितलं पाहिजे की त्या वर्षी अल निनो, म्हणजे प्रशांत महासागर तापून आपला पाऊस बिघडवणारा प्रकार, होता, आणि नागपूरच्या पुरात नदी आवळून केलेल्या बांधकामांचाही वाटा होताच. सगळं हवामान बदलावर ढकललं की नगररचनेवाले सुटतात, आणि हे आजकाल लई होऊन राहिलं, काही झालं की क्लायमेट चेंज म्हणायचं आणि हात झटकायचे.

तरी पण एक गोष्ट मोजलेली आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्यासोबतच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिपावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. मध्य भारत म्हणजे आम्हीच. कारणही सरळ आहे, हवा एक डिग्रीने तापली की तिच्यात अंदाजे सात टक्के जास्त वाफ मावते, अरबी समुद्र तापला आहे, तिकडून ओल्या वाऱ्याची लाट येते आणि जमा झालेलं सगळं एकाच जागी मोकळं होते. मधल्या दिवसात मग काहीच नाही. म्हणजे वीस दिवस ढग नुसते तोंड दाखवून जातात आणि एकविसाव्या दिवशी पंधरवड्याचा पाऊस एका रात्रीत.

कोरडवाहू माणसाला याचा अर्थ काय ते पिकागणिक वेगळं आहे. मिरगात पडला म्हणून सरकी टोबली आणि मग खंड पडला की दुबार पेरणी, बियाण्याची बॅग परत उधारीवर. सोयाबीन सोंगून गंजी लावली आणि वरून आला तर ताडपत्री किती पुरणार, शेंगेतच कोंब फुटतात आणि बाजारात व्यापारी मूठभर दाणे हातावर घेऊन तोंड वाकडं करतो. पऱ्हाटीची खालची बोंडं सडतात. तूर फुलावर असताना धुवारी (धुकं) पडली की फूल खाली. धानवाल्यांचं, म्हणजे भंडारा-गोंदियाकडचं गणित अजून वेगळं, संत्र्याचं वरुड-मोर्शीकडे अजून तिसरंच, आंबिया बहाराला नेमकं कधी ऊन पाहिजे नि कधी ताण पाहिजे हे आता झाडालाच समजेनासं झालं आहे असं तिकडचे म्हणतात. यातलं कोणतंही एक नुकसान "हवामान बदल" अशी पाटी लावून येत नाही. प्रत्येक वेळी ते नशीब, रोगराई, व्यापारी, बियाणं असं कशाच्या तरी नावावर जमा होते.

म्हणून पंचनाम्याचा प्रश्न खरा. आणि त्याचं एक अर्धं उत्तर मला सापडलं. २०१४ पासून शास्त्रज्ञांचा एक गट आहे, वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन नावाचा, फ्रिडेरिके ओट्टो आणि गेर्ट यान फान ओल्डनबोर्ख यांनी सुरू केलेला. हे लोक एखादी आपत्ती आली की कॉम्प्युटरवर दोन जगं मांडतात, एक आत्ताचं तापलेलं आणि एक ज्यात माणसाने धूर सोडलाच नाही असं, आणि तपासतात की ही घटना दोन्हीकडे किती वेळा घडली असती. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत-पाकिस्तानात जी उष्णतेची लाट आली होती, गहू करपला होता, आठवत असेल, तिची शक्यता माणसाने केलेल्या तापमानवाढीने ३० पट वाढली असं यांनी काढलं. मोठ्या बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग झाला ना पंचनामा." हो, झाला. पण त्याला जुन्या नोंदी लागतात, भरपूर आणि सलग. जिथं पर्जन्यमापक नाही तिथला पाऊस यांच्याही यादीत येत नाही, आणि उष्णतेच्या मानाने पावसाचं हे गणित फारच अवघड असते, छोट्या भागातल्या पावसाचं तर विचारूच नका. आफ्रिकेतली कित्येक गावं या बाबतीत आमच्या नाल्याकाठच्या वावरासारखीच, आकडा वरून येतो आणि वरच्याकडे आकडाच नाही.

बरं पंचनामा झाला समजा. पैसे कोण देणार?

ही मागणी काही कालची नाही. वानुआतू म्हणून पॅसिफिक समुद्रात एक एवढासा देश आहे, त्याने छोट्या बेटांच्या वतीने १९९१ मध्येच म्हटलं होतं की समुद्र वर येऊन आमची जमीन गेली तर त्याचा विमा उतरवा आणि हप्ता श्रीमंत देशांनी भरा. त्यावर फंड मंजूर झाला २०२२ मध्ये, इजिप्तच्या शर्म अल शेखला भरलेल्या जागतिक हवामान परिषदेत. एकतीस वर्षं. आमच्या तालुक्याच्या ऑफिसला आम्ही उगाच शिव्या देतो. पुढच्या वर्षी दुबईत देशांनी त्यात पैसे टाकायचे कबूल केले, ते सगळे मिळून झाले सत्तर कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे आपल्या पैशात पाच-सहा हजार कोटी. पूर्ण जगासाठी. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाडा-विदर्भात जो हाहाकार झाला त्याच्यासाठी एकट्या महाराष्ट्र सरकारने पॅकेज जाहीर केलं ३१,६२८ कोटींचं. त्या आकड्यात काय काय घुसवलं यावर विरोधकांनी बरंच रान उठवलं, आणि हेक्टरी ८,५०० रुपये कोरडवाहूला हा जो तेव्हा केंद्राचा नियम होता त्यात सोयाबीनचा नुसता पेरणी-फवारणीचा खर्च तरी निघतो का ते शेतकऱ्याला विचारा, पण ते भांडण बाजूला ठेवलं तरी एका राज्याच्या एका हंगामासमोर जगाचा फंड एवढासा आहे.

आणि त्यातही एक मेख आहे. २०१५ ला पॅरिसचा करार झाला तेव्हा त्याच्यासोबतच्या ठरावात ५१ व्या परिच्छेदात लिहून घेतलं की नुकसानीचं कलम मान्य आहे पण त्यावरून कोणाची जबाबदारी किंवा भरपाई सिद्ध होणार नाही. हे श्रीमंत देशांनी, त्यात अमेरिकेने जास्त जोर लावून, टाकून घेतलं. म्हणजे जे काही द्यायचं ते आम्ही खुशीने देऊ, तुमचा हक्क म्हणून नाही. ज्याने विमा कंपनीच्या ऑफिसात चकरा मारल्या आहेत त्याला हे कलम समजवून सांगावं लागत नाही. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, परत त्याच वानुआतूच्या खटपटीमुळे, असं मत दिलं की हवामान सांभाळणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईपर्यंत गोष्ट जाऊ शकते. मत आहे, बंधनकारक निकाल नाही, पण वकील लोकांना पकडायला दोर मिळाला.

आता केलं कोणी, तर यात लपवालपवी करण्यासारखं काहीच नाही. कोळसा, तेल, गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो उष्णता धरून ठेवतो, हे स्वीडनच्या अर्हेनियसने १८९६ मध्ये कागदावर हिशोब करून सांगितलं होतं. कारखाने येण्याच्या आधी हवेत तो दहा लाखात २८० भाग होता, १९५८ ला हवाईच्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आता ४२० च्या वर गेला. आजपर्यंत माणसाने सोडलेल्या एकूण धुरात अमेरिकेचा एकटीचा वाटा जवळपास चौथा हिस्सा. भारताचा तीन-चार टक्के, आणि माणसं आपली जगाच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त. माणशी काढलं तर आपण वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकन माणूस चौदा-एक टन.

म्हणून १९९२ ला रिओच्या जागतिक परिषदेत जे तत्त्व ठरलं ते मला अजूनही बरोबर वाटते, की जबाबदारी सगळ्यांची आहे पण सारखी नाही. ज्याने जास्त केलं त्याने जास्त भरावं. त्यानंतरची कहाणी मात्र सगळी पळवाटांची आहे. १९९७ ला धूर कमी करायचा क्योटो करार होण्याच्या आधीच अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठरवून टाकलं की भारत-चीनवर बंधन नसेल तर आम्हीही नाही. पॅरिसमधून अमेरिका २०२० ला बाहेर, २०२१ ला आत, जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प परत आले आणि पहिल्याच दिवशी परत बाहेर पडायचा आदेश. दुसरीकडे चीन आज जगाचा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धूर एकटा सोडतो पण कोण श्रीमंत नि कोण विकसनशील याची यादी १९९२ चीच चालू आहे, त्यात चीन, सौदी, कतार सगळे अजून विकसनशील, म्हणजे द्यायच्या वेळी त्यांच्यावर सक्ती नाही. भारत या गोतावळ्यात उभा राहून बोलतो म्हणून आपलं खरं म्हणणं पण थोडं खोटं वाटायला लागते, असं माझं मत आहे. दिल्लीला ते पटणार नाही.

कबूल केलेल्या पैशाचीही तीच गत. २००९ ला कोपनहेगनला म्हटलं की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. श्रीमंत देशांच्याच हिशोबाने तो आकडा गाठला २०२२ मध्ये, आणि त्यातलाही बराचसा भाग कर्ज. कर्ज काय असते ते आमच्याकडे वेगळं सांगायला नको. आमच्या भागात हवामान बदलाशी शेती जुळवून घ्यायची पोकरा म्हणून योजना आली, २०१८ ला जागतिक बँकेने त्याला ४२ कोटी डॉलर दिले, शेततळी, ठिबक, बीबीएफ म्हणजे रुंद गादीवरची पेरणी असं बरंच काही त्यातून झालं, आणि खोटं कशाला बोलू, कामाचं झालं. रुंद गादीवर सोयाबीन पेरलं की खंड पडला तर गादीत ओल राहते आणि जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जाते, ज्यांनी केलं त्यांचं पीक शेजाऱ्यापेक्षा तगलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पण ते ४२ कोटी डॉलर कर्ज आहे. तापवलं कोणी, आणि त्याच्याशी जुळवून घ्यायला कर्ज काढतो कोण. २०२४ ला बाकूत गरीब देशांनी मागितले वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर, श्रीमंतांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जावर हातोडा आपटला, आणि भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उठून हा आकडा म्हणजे नजरबंदी आहे असं सांगितलं. हातोडा आपटून झाल्यावर बोलायला मिळालं त्यांना.

आमच्याकडे बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात. शेतात गोल आखून त्यात धान्यं, मधात मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, त्यावर पाण्याची घागर, आणि विड्याचं पान-सुपारी म्हणजे राजा. दुसऱ्या दिवशी पहाटे कोण हललं, कोण भिजलं ते पाहून पावसाचं भाकीत सांगतात आणि त्यासोबतच राजाची गादी टिकते का तेही. अंधश्रद्धा निर्मूलनवाले याच्यावर टीका करतात, भाकितावर माझाही काही भरोसा नाही. पण ज्याने कोणी पाऊस आणि राजा एकाच घटात मांडला त्याला विषय समजला होता एवढं नक्की.

आता राजाचा विषय निघालाच तर जवळच्या राजाचंही बोलतो. इथं येऊन माझं भारताच्या बाजूने चाललेलं भाषण थोडं अडखळते. कारण तो कोळसा ज्याच्यावर जगात एवढी भांडणं आहेत तो आमच्याच पायाखालून निघतो. वणी, घुग्घुस, राजुरा, उमरेड, रात्रंदिवस ट्रक. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, तिरोड्याला ३,३०० मेगावॉट, शिवाय कोराडी, खापरखेडा, मौदा. २०२१ ला ग्लासगोमध्ये कोळसा बंद करायची भाषा होती, ती भारत-चीनने शेवटच्या क्षणाला कमी करण्यावर आणून ठेवली, परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांच्या डोळ्यात पाणी आलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तेव्हा मला भारताचंच पटलं होतं, आमचा कोळसा दिसतो आणि तुमचं तेल-गॅस दिसत नाही का म्हणून. पुढच्या वर्षी भारताने म्हटलं पण, की मग सगळ्याच इंधनांचं नाव घ्या, तर तेलवाल्यांना ते चाललं नाही.

पण ही वीज जाते कुठं? मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकचे कारखाने, मॉल, एसी. राख इथंच, धूळ इथंच, खाणीतून काढलेल्या माती-दगडाचे (ओव्हरबर्डनचे) डोंगर इथंच, आणि आमच्या वावरातल्या थ्री फेज लाईनचं टाईमटेबल असं की काही दिवस दिवसा आणि बाकीचे दिवस रात्री. डिसेंबरच्या थंडीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस रात्री एक वाजता बॅटरी घेऊन निघतो, साप, रानडुकरं, चंद्रपूरकडे तर वाघ. ज्या जिल्ह्यात वीज बनते तिथला शेतकरी अंधारात पाणी वळवतो. माणशी उत्सर्जन दोन टन हा जो आकडा आपण जगाला दाखवतो तो कोणाच्या जोरावर एवढा कमी आहे? एसीत बसलेल्याच्या जोरावर तर नाही. मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या, आमच्या गावातल्या माणसांच्या नसलेल्या विजेमुळे, नसलेल्या गाडीमुळे ती सरासरी खाली येते, आणि त्या सरासरीच्या आड बाकीचे निवांत असतात.

सौरपंपाच्या योजना आल्या आहेत, दिवसा वीज देऊ म्हणतात, आमच्या शेजारच्या वावरात एक बसला पण आहे आणि चांगला चालते, सकाळी दहा ते चार पाणी, माणूस रात्री झोपतो. त्यावर माझी काही टीका नाही, लवकर व्हावं एवढंच. पण खाणी कधी ना कधी बंद होतील, २०७० पर्यंत धुराचा हिशोब शून्यावर आणायचा शब्द आपण जगाला दिलाच आहे, तेव्हा त्या ट्रकवर, कोळसा धुणाऱ्या वॉशरीत, खाणीत काम करणाऱ्या पोरांचं काय याचा कागद अजून मी पाहिला नाही. जगाकडून आपण जस्ट ट्रान्झिशन, म्हणजे कोळसा सोडताना त्यावर जगणाऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही, म्हणून पैसे मागतो, ते आले तर घुग्घुसला किती येतील?

मोठ्या बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं पडलं की मग पटवारी इकडचाच पाहिजे. मी म्हटलं कुठला इकडचा? ते म्हणाले, "चंद्रपूरचा. त्याले दोन पंचनामे करू दे. एक अमेरिकेवर, एक मुंबईवर."

मला हे कायद्यात कुठं बसते माहीत नाही. पण एवढं तर कोणीही करून पाहू शकते, की आपल्या शिष्टमंडळाने रिओपासून बाकूपर्यंत जी भाषणं केली ती घ्यायची, ऐतिहासिक जबाबदारी, माणशी वाटा, ज्याने जास्त वापरलं त्याने जास्त द्यावं, एक शब्द बदलायचा नाही, फक्त देशांची नावं काढून जिल्ह्यांची टाकायची आणि हिवाळी अधिवेशनात नागपूरला टेबलावर ठेवायची. अधिवेशन तसंही इथंच भरते.